बेंट प्लायवूड म्हणजे काय? सपाट प्लायपासून वळलेला दिवा कसा बनतो

इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या कॅफेत तुम्ही असा दिवा नक्की पाहिला असेल. छताला टांगलेला, लाकडी पट्ट्या कळीच्या पाकळ्यांसारख्या आत वळलेल्या आणि फटींतून येणारा मधासारखा उजेड. पहिला प्रश्न हाच पडतो की लाकूड एवढं वळलं कसं? कमेंटमध्ये लोक ठामपणे सांगतात, "वाफ देतात" किंवा "रात्रभर पाण्यात भिजवतात". साध्या लाकडाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. प्लायवूडचं प्रकरण वेगळं आहे. तयार प्लाय घेऊन सहसा वाकवत नाहीत, ते वाकलेल्या अवस्थेतच तयार करतात. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक पावसाळा आणि सहा हजार रुपये लागले. ती फजिती पुढे सांगतो, आधी थोडं प्लायविषयी.

प्लाय एवढं ताठ का असतं?

लाकडाचा ओंडका मोठ्या यंत्रावर गोल फिरवतात आणि त्याला लांब पातं लावतात. शार्पनरमधून पेन्सिलीची साल निघते तसा लाकडाचा पातळ, लांबलचक पापुद्रा निघत जातो. हे व्हिनियर. त्याचे तुकडे गोंद लावून एकावर एक रचतात. एका थराचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे, परत उभे. थरांची संख्या बहुतेक वेळा विषम असते, म्हणजे दोन्ही बाहेरच्या थरांचे तंतू एकाच दिशेला येतात आणि मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ओढ सारखी राहते. ही रचना गरम प्रेसखाली दाबली की प्लाय तयार.

लाकूड तंतूंच्या दिशेत मजबूत असतं आणि आडव्या दिशेत कच्चं. फळीला उभी चीर जाते ती म्हणूनच. आडवे-उभे थर लावले की ही कमजोरी झाकली जाते. पण मग सपाट प्लाय कुठल्याच दिशेला सहज वळायला तयार होत नाही.

वाफेने वाकवण्याचं तंत्र जुनं आहे. मायकेल थोनेट या कारागिराची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची. आजही जुन्या इराणी हॉटेलांत वळलेल्या पाठीच्या ज्या लाकडी खुर्च्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या. त्यात बीच लाकडाच्या अख्ख्या दांड्या वाफेवर मऊ करून साच्यात वळवतात. लाकडात तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो, तो उष्णता आणि ओलाव्याने मऊ पडतो. हाच प्रयोग दुकानातल्या १२ मिमी प्लायवर केलात तर आडवे थर अडवतात, वाफेने गोंद कमकुवत होतो आणि बाहेरचा थर "टच्च" करून फुटतो.

एक वही हातात घ्या

दोनशे पानी वही घ्या आणि वाकवा. आरामात वाकेल. कडेकडे बघा, पानं एकमेकांवरून सरकून कड तिरकी झालेली दिसेल. आता वही सपाट करा, मोकळ्या कडेला दोन-तीन बाइंडर क्लिप घट्ट लावा आणि परत वाकवा. तीच वही, तेवढीच पानं, पण आता ती अडते. कारण पानांना सरकायला जागाच उरली नाही.

बेंट प्लायचं सगळं तंत्र या सरकण्यात आहे. पातळ थर सुटे असताना साच्यावर वळवायचे, मध्ये ओला गोंद ठेवायचा, म्हणजे थर हवे तसे सरकतील, आणि गोंद वाळेपर्यंत दाबून ठेवायचं. गोंद वाळला की सरकणं बंद. वाक तिथेच कुलूपबंद होतो.

थोडं गणित करू, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. ०.६ मिमीचे सहा सुटे थर एकत्र वाकवायला, एका थराच्या हिशेबात, सहापट जोर लागतो. तेच सहा थर चिकटून ३.६ मिमीची एक पट्टी झाली की हिशेब ६ × ६ × ६ म्हणजे २१६ पट होतो. वाकवताना ६ आणि वाळल्यावर २१६. हातानं सहज वळलेली पट्टी दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पायासारखी ताठ का लागते, याचं उत्तर इथे आहे.

थर किती सरकतात तेही आधी काढता येतं. अर्धवर्तुळ द्यायचं असेल तर सगळ्यात आतला आणि सगळ्यात बाहेरचा थर यांच्या मध्यरेषांमधलं अंतर गुणिले पाय. आपल्या सहा थरांसाठी ते ३ मिमी गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ९ मिमी. गंमत म्हणजे वर्तुळ छोटं असो की मोठं, आकडा तोच. म्हणून टोकाला पायऱ्या पडतातच. पट्ट्या मापापेक्षा दोन-तीन सेंमी लांब कापायच्या आणि वाळल्यावर टोक करवतीने उडवायचं. मी पहिल्यांदा अगदी मापात कापल्या होत्या. करू नका.

कळीचं फूल कसं झालं

ओळखीच्या एकाने छोटं हॉटेल काढलं. भिंतींवर माझ्या दिव्याचे फोटो बघून म्हणाला, "चार कर आपल्यासाठी." सहा हजार ॲडव्हान्सही दिला. डिझाइन सोपं वाटत होतं. वर एक गोल चकती, तिच्या कडेने आठ पट्ट्या खाली येणार आणि बल्बच्या खाली आतल्या बाजूला वळणार. खालची टोकं मोकळी, मध्ये चार सेंमी जागा. कमळाची कळी म्हणा हवं तर.

मी प्रत्येक पट्टीला दीड मिमीच्या एअरोप्लायचे दोन थर घेतले. एअरोप्लाय म्हणजे विमानांची मॉडेल्स बनवतात ते पातळ प्लाय. मध्ये नेहमीचा पांढरा गोंद लावला, एमडीएफच्या साच्यावर क्लॅम्प केलं आणि दोन तासांत काढलं, कारण साचा एकच आणि पट्ट्या बत्तीस. साच्यातून काढल्या काढल्या पट्ट्या थोड्या उघडल्या. मी त्या हाताने दाबून, चकतीचा कोन बदलून जुळवून घेतल्या. मे महिन्यात दिवे लागले, फोटो झकास आले.

जुलैच्या मध्यावर फोन आला. "अरे, तुझी कळी फुललीये." मला वाटलं कौतुक करतोय. जाऊन पाहिलं तर चारही दिव्यांच्या पट्ट्या बाहेर पसरल्या होत्या, खालून बल्ब सरळ डोळ्यांत जात होता, आणि एका टेबलावरच्या दिव्याला त्याने केबल टायने आवळून ठेवलं होतं. ॲडव्हान्स मी परत केला. तो नको म्हणत होता, पण लोक जेवताना वर बघून हसत होते, ते मला बघवेना.

चूक एक नव्हती, तीन होत्या, आणि तिन्ही आधी टाळता आल्या असत्या.

पहिली, थरांची संख्या. साच्यातून काढल्यावर वाक थोडा उघडतो, याला स्प्रिंगबॅक म्हणतात. आपल्याच गणितातून तो काढता येतो. सुटे थर ६ च्या जोराने सरळ व्हायला बघतात, चिकटलेली पट्टी २१६ च्या जोराने अडवते, म्हणजे वाक एक छत्तीसांश उघडेल. थोडक्यात, थरांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि एकाला त्याने भागायचं. सहा थर असतील तर तीन टक्क्यांच्याही आत. माझे थर होते दोन, म्हणजे एक चतुर्थांश! पंचवीस टक्के वाक जाणारच होता, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहिता आलं असतं. हा हिशेब गोंद जराही सरकत नाही असं धरून आहे, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच धरा.

दुसरी चूक गोंदाची. पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, सपाट जोडाला उत्तम. पण त्यावर सतत ताण राहिला तर तो अगदी सावकाश सरकतो, याला क्रीप म्हणतात. उष्णतेने तो मऊही पडतो. आणि मी तो लावला कुठे? कायम ताणलेल्या पट्टीत, बल्बच्या शेजारी. वाकलेल्या कामाला वाळल्यावर काचेसारखा कडक होणारा गोंद लागतो. कारखान्यात यूरिया फॉर्माल्डिहाइड वापरतात, तो पावडर आणि हार्डनर अशा रूपात मिळतो. घरच्या घरी करायचं तर सावकाश सेट होणारा दोन भागांचा इपॉक्सी बरा, हातमोजे घालून. यूरियाच्या गोंदाला वास आणि वाफ असते, बंद खोलीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी म्हणजे घाई. गोंद वरून वाळलेला दिसला तरी आतल्या थराला वेळ लागतो. आता मी पूर्ण एक दिवस साच्यात ठेवतो, पावसाळ्यात दीड.

मोसंबीला कागद गुंडाळून बघा

फोनवरच्या थ्रीडी ॲपमध्ये बोटाने ओढून कुठलाही आकार काढता येतो. वाटीसारखा, घोड्याच्या खोगिरासारखा, काहीही. प्लायला मात्र एका वेळी एकाच दिशेला वळता येतं. नळीचा आकार जमतो, शंकूचा जमतो. चेंडूचा नाही. मोसंबीला कागद गुंडाळलात की सुरकुत्या पडतात, तसंच. कागदाला निदान सुरकुती पडते, लाकूड सरळ तडकतं.

या अडचणीशी सगळ्यात जिद्दीने भांडले ते चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन जोडपं. चार्ल्स आणि एरो सारिनेन यांनी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या स्पर्धेसाठी एकसंध वळलेल्या खुर्च्या केल्या, पण ज्या जागी दोन दिशांचे वाक एकत्र येत तिथे प्लाय फुटे. ते झाकायला वर गादी चढवावी लागली. मग लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये इम्स जोडप्याने स्वतःचं यंत्र बनवलं. प्लास्टरचा साचा, विजेच्या तारांची उष्णता आणि दाब देण्यासाठी रबरी फुग्यात हवा भरणारा सायकलचा पंप. यंत्राचं नाव "कझाम!".

१९४२ मध्ये अमेरिकन नौदलासाठी त्यांनी जखमी पायाला बांधायची प्लायची खपाची, म्हणजे स्प्लिंट, तयार केली. पायाचा आकार दोन्ही दिशांनी वळलेला. मग जिथे ताण गोळा होतो तिथे त्यांनी चिरा आणि भोकं ठेवली. लाकडाला सरकायला जागा मिळाली, शिवाय त्याच चिरांतून पट्ट्या बांधता आल्या. अशा सुमारे दीड लाख स्प्लिंट बनल्या. खुर्चीचा प्रश्न शेवटी त्यांनी वेगळ्याच मार्गाने सोडवला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, दोन छोटे तुकडे. मला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. हेच जोडपं पुढे १९५८ मध्ये भारतात फिरलं, त्यांनी सरकारला एक अहवाल दिला, आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली.

दिव्यांत हीच युक्ती न्यूझीलंडच्या डेव्हिड ट्रुब्रिजने वापरली. शिक्षण जहाजबांधणीच्या डिझाइनचं. त्याचा "कोरल" दिवा दिसतो गोल चेंडूसारखा, पण त्यात एकही तुकडा चेंडूसारखा वळलेला नाही. पातळ बांबू प्लायचे ६० एकसारखे तुकडे संगणकाच्या यंत्रावर सपाट कापलेले असतात. ते नायलॉनच्या छोट्या क्लिपांनी जोडत गेलं की प्रत्येक तुकडा थोडासा, एकाच दिशेला वळतो आणि सगळे मिळून गोल तयार होतो. साचा नाही, गोंद नाही. खोका सपाट जातो आणि घेणारा घरी जोडतो.

लेझरची पळवाट

आता प्रत्येक मोठ्या गावात लेझर कटिंगचं दुकान आहे, त्यामुळे यूट्यूबवर तिसरा प्रकार खूप दिसतो. ३ मिमी प्लायवर जवळजवळ समांतर चिरांच्या ओळी कापायच्या, विटांच्या सांध्यांसारख्या एकाआड एक सरकवून. याला लिव्हिंग हिंज म्हणतात. दोन चिरांमधली बारीक पट्टी वाकत नाही, ती किंचित पीळ खाते. एकेका पट्टीचा पीळ एक-दोन अंशांचा, पण चाळीस पट्ट्या मिळून अख्खं वळण.

दिव्याला हे छान शोभतं, कारण चिरांतून उजेड गळतो. पण असा भाग लवचिकच राहतो, त्याला दोन्ही टोकांना धरून ठेवावं लागतं, आणि जोरात दाबला तर मोडतो. लेझरवाल्याकडे नेहमीचं बाहेरच्या वापराचं प्लाय घेऊन गेलात तर तो नाक मुरडेल. त्यातला गडद फिनॉलचा गोंद नीट कापला जात नाही, नुसता जळतो. फिकट रंगाचं बर्च प्लाय किंवा एअरोप्लाय न्या, आणि आधी हाताएवढा तुकडा कापून बघा.

उजेडाचं बघायला हवं

लाकडाच्या आत बल्ब ठेवणं पूर्वी धाडसाचं होतं. ६० वॉटचा पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. तेवढाच उजेड आता ८-९ वॉटचा एलईडी देतो. तरी एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. त्याच्या बुडाशी सर्किट असतं, ते तापतं आणि बंद डब्यात लवकर मरतं. वर-खाली मोकळी जागा ठेवा, बल्ब आणि लाकूड यांत चार बोटं अंतर ठेवा. "वॉर्म व्हाइट", म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनचा बल्ब घ्या. पांढराशुभ्र बल्ब लाकडावर आजारी दिसतो, हे माझं मत.

बल्ब लुकलुकतो का हे फोनवर कळतं. कॅमेरा स्लो मोशनला लावून पेटलेल्या बल्बकडे धरा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे हलक्या बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, व्हिडिओत मात्र पट्टे किंवा थरथर दिसते. अभ्यासाच्या टेबलावर असा बल्ब नको.

पहिला दिवा करत असाल तर घरच्या विजेच्या तारेला हात लावू नका. यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची एलईडी पट्टी लावा, जुन्या मोबाइल चार्जरवर चालते. टांगायचा दिवा असेल तर वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून, आणि वजन वायरवर न टाकता वेगळ्या तारेवर.

सामान आणि पहिला प्रयोग

दुकानात नुसतं "व्हिनियर द्या" म्हणालात तर बहुधा पातळ प्लायवर चिकटवलेला ३-४ मिमीचा पत्रा हातात येईल. आपल्याला हवं ते रॉ व्हिनियर, कागदासारखं सुटं. मोठ्या वळणासाठी फ्लेक्सी प्लाय मिळतं. त्याचे बाहेरचे थर एकाच दिशेचे असल्याने ते हातानेच गुंडाळता येतं, पण कुठल्या बाजूने वळतं ते विचारून घ्या, दोन्ही प्रकार येतात. शिक्क्यावरच्या "एमआर"चा अर्थ दमट हवेला तोंड देणारं एवढाच, वॉटरप्रूफ नाही. पुण्यात असाल तर लाकडासाठी टिंबर मार्केट आणि दिव्याच्या सामानासाठी तापकीर गल्ली, एका सकाळी दोन्ही होतं.

सुरुवात दिव्याने करू नका, मोबाइल स्टँडने करा. आठ सेंमी रुंद पट्ट्या, सहा थर, सगळ्यांचे तंतू लांबीच्या दिशेत. काटेकोर बोलायचं तर याला प्लाय न म्हणता लॅमिनेशन म्हणतात, कारण आडवा थर नाही. अरुंद पट्टीला चालतं, रुंद कामाला आडवे थर लागतात, नाहीतर उभी चीर जाते. साचा म्हणून पीव्हीसी पाइपचा जाड तुकडा घ्या आणि त्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळा, नाहीतर स्टँड पाइपला कायमचा चिकटेल. क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब लांब चिरून घ्या आणि ताणून ताणून भोवती गुंडाळा. प्रत्येक वेढ्याचा दाब साठत जातो आणि वळणावर तो कुठल्याही लोखंडी क्लॅम्पपेक्षा सारखा पडतो. गोंद लावण्याआधी एकदा कोरडा सराव करा. घासताना मास्क लावा, या धुळीत लाकडाबरोबर गोंदही असतो.

हॉटेलचे दिवे मी दिवाळीआधी परत करून दिले, सहा थरांचे. जुन्या चारांपैकी एक माझ्या टेबलावर टांगलेला आहे. पट्ट्यांच्या टोकांमधलं अंतर मोजून चकतीच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवतो. मे महिन्यात ४ सेंमी, जुलैत ९, आणि परवा मोजलं तेव्हा ११.